जीबीएस, आप्पांचा हौद आणि पाण्यातल्या शिव्या

सगळ्यात आधी सांगून टाकते, मी बरी आहे. चालते. डाव्या पायात प्लास्टिकचा स्प्लिंट घालून चालते, पण चालते. दवाखान्यात पडलेली असताना माझा भाऊ मोबाईल माझ्या तोंडासमोर धरायचा, मी असेच लोकांचे अनुभव वाचायचे आणि दरवेळी त्याला म्हणायचे, आधी शेवटाला जा, ती बाई वाचली का बघ. तुम्हाला तेवढं खाली जायला नको. वाचली. आता आरामात वाचा.

मी निकिता. गाव कळसाडी, तालुका शहादा, घरी कापूस आणि ऊस. मला झाला होता जीबीएस. पूर्ण नाव गुलेन बॅरी सिंड्रोम, जे मम्मीला अजून म्हणता येत नाही, ती "गुलाबवाला आजार" म्हणते. त्यात आत काय होतं ते डॉक्टर सांगतील, नेटवर पण आहे. मला एवढंच कळलं की माझंच शरीर माझ्याच नसांच्या मागे लागलं. मी लिहिणार आहे ते बाकीचं. आणि खरं सांगू, मला लिहायचंय त्या पोरांबद्दल ज्यांनी मला परत पाण्यात तोंड घालायला शिकवलं. पण त्यांच्यापर्यंत पोचायला मधला दवाखाना लागतोच, सॉरी.

पायाखाली कापूस

मी पोलीस भरतीची तयारी करत होते. आमच्याकडे सकाळी रस्त्याने गेलात तर निम्मी पोरंपोरी पळतानाच दिसतील. माझी गोळाफेक कच्ची होती पण रनिंग एक नंबर! ज्योती माझी पार्टनर, ती कायम माझ्या मागे धापा टाकत शिव्या घालायची, "हळू पळ ना गं, चोर नाही पळाला अजून."

त्याआधी आठवडाभर माझं पोट बिघडलेलं. त्याचं कोण मनावर घेतं? मग एक दिवस पळताना वाटलं की पायाखाली कापूस पसरलाय. बोटं असून नसल्यासारखी. ज्योतीला म्हटलं, बूट खराब झाले वाटतं. दुसऱ्या दिवशी संडासात बसले ती उठताच येईना. भिंत धरली तरी उठता येईना. मम्मी बाहेरून ओरडतेय, "निकू, ऊठ ना माय, काय नाटक करी ऱ्हायनी?"

मग दार ढकलून ती आत आली आणि माझं तोंड बघून पप्पांना हाका मारायला लागली.

अंगणात माणसं जमली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हाई ते लकवा शे. तेलनी मालिश करा, नीट व्हई जाई." हे मालिशचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. नशीब, पप्पांनी कोणाचं ऐकलं नाही. शहाद्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हललाच नाही, ते म्हणाले इथे थांबू नका, सुरतला न्या. गाडीत मी पप्पांना विचारलं, भरतीच्या ग्राउंड टेस्टच्या आधी बरी होईन ना? ते म्हणाले, हो गं. रस्त्याकडे बघत म्हणाले.

एका श्वासात

सुरतच्या डॉक्टरांनी मला जे करायला सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाले, बेटा, एक श्वास घे आणि त्याच श्वासात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे म्हण. मला हसूच आलं. मी धावणारी पोरगी, मला काय हे! घेतला श्वास, सुरू केलं, आणि पंधराच्या आसपास आवाजच संपला. आकडे येत होते, हवा नव्हती.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सिस्टरला गुजरातीत काहीतरी सांगितलं आणि माझी कॉट हलायला लागली. सगळे म्हणतात निदानाचा कागद हातात आला तेव्हा भीती वाटली. मला कागदाची नाही वाटली. मला त्या अर्धवट राहिलेल्या आकड्याची वाटली.

पुढचं थोडक्यात सांगते. घशात नळी. मशीन माझ्यासाठी श्वास घेणार. शुद्धीवर असताना! ऐकू येतं, कळतं, पण बोट हलत नाही, ओरडता येत नाही. एकदा नळीत कफ अडकला आणि सिस्टर येईपर्यंत जे काही झालं ना, ते मी शब्दात सांगू शकत नाही. बुडणं म्हणजे काय ते मला कोरड्या खोलीत कळलं.

चांगलं पण होतं हां. एक सिस्टर होत्या, सगळे त्यांना बेन म्हणायचे. त्या रोज ड्युटी संपल्यावर पाच मिनिटं थांबून माझे केस विंचरायच्या, दोन वेण्या घालायच्या आणि मला सांगायच्या की त्यांच्या सासूने आज काय केलं. मी पापण्या मिटून हो-नाही करायचे. सासूचा पूर्ण इतिहास मला पाठ आहे! आणि मम्मी. तिला आत फक्त थोडा वेळ सोडायचे. ती कानाशी येऊन एकच म्हणायची, "निकू, मी अठेच शे. कोठेच जात नही."

नळी निघाली, मी रडले, घशातून आवाज येईना म्हणून अजून रडले. मग फिजिओ, मग बसणं, मग घर.

घरी आल्यावर कोणी सांगत नाही ते

दवाखान्यात सगळे गोड असतात. घरी आल्यावर खरी मजा. भेटायला येणारी माणसं माझ्यासमोरच मम्मीला विचारायची, "आते लग्नानं कसं करशात?" मम्मी-पप्पा माझ्यावरून भांडायचे. भरतीची पुस्तकं पप्पांनी उचलून माळ्यावर ठेवली, मला दिसून वाईट वाटू नये म्हणून, आणि मला वाटलं त्यांनी ठरवूनच टाकलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना कळेना काय झालं. आम्ही तिघं एकमेकांना सांभाळून घेता घेता एकमेकांवर चिडत होतो.

पण सगळ्यात मोठी अडचण कोणाला सांगायची लाज वाटायची. मला तोंडावर पाणी सहन होत नव्हतं. मग्गा डोक्याजवळ आला की घसा बंद. श्वास अडकायचा आणि मी परत त्या कॉटवर. मम्मी मला खाटेवर आडवी करून डोकं बाहेर काढून केस धुवायची, पार्लरसारखे, आणि तोंड ओल्या फडक्याने पुसायची. पायात हळूहळू जोर येत होता, वॉकर धरून अंगणात फिरत होते, सगळे खूश. आणि मी रोज अंघोळीच्या वेळी काहीतरी बहाणा काढत होते. पाय परत आले, श्वास माझा राहिला नव्हता.

ममता दीदी

शहाद्याला माझी फिजिओ होती ममता दीदी. मूळची खापरची, मारवाडी घरातली, वडिलांचं तिथे कपड्याचं दुकान. उंचीला माझ्या खांद्याला लागेल एवढी आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातला बैल थांबेल. एक दिवस म्हणाली, "निकिता, तू रविवारी पाण्यात ये."

मी म्हटलं, दीदी, मला पाणी नको.

"माहितीये मला. तुझी मम्मी बोलली. म्हणूनच बोलावतेय ना, बाबा!"

तापीकाठी मणिलाल आप्पांची केळीची बाग आहे. गुजर शेतकरी, शब्द मोजून बोलणारे, टोपी कायम सरळ. त्यांच्या शेतात सिमेंटचा मोठा हौद आहे, बोअरचं पाणी आधी त्यात पडतं आणि मग ड्रिपने केळीला जातं. दीदी आप्पांच्या गुडघ्याच्या ट्रीटमेंटला जायची, तिने हौद बघितला आणि मागेच लागली की मला यात माझी पोरं शिकवू द्या. तिची पोरं म्हणजे कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचे हातपाय वाकडे, कोणाची मान उभी राहत नाही. आप्पा आधी नाहीच म्हणाले. मग बऱ्याच दिवसांनी एका अटीवर हो म्हणाले, पोरं तेल लावून यायची नाहीत, ड्रिपचं फिल्टर चोंदतं.

आणि गंमत ऐका, दीदीला तेव्हा पोहताच येत नव्हतं! आधी ती स्वतः शिकली, लग्न झालेली, एक मुलगा असलेली बाई, शिकवायला सुरतच्या कोणाला तरी गाठलं, नाकातोंडात पाणी जाऊ देऊन शिकली. म्हणाली, "मला भीती वाटते की नाही हे कळल्याशिवाय मी पोरांना कसं सांगू की घाबरू नका?"

क्लासची वेळ ठरवते वीज. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची लाईट असली की ग्रुपवर मेसेज पडतो, "या आठवड्यात पाणी आहे". रातपाळीच्या आठवड्यात क्लास बंद, पोरं घरी रडतात. प्रत्येक पोराबरोबर घरचं एक माणूस पाण्यात उतरलंच पाहिजे, नाहीतर त्या पोराला त्या दिवशी पाणी नाही. काठावर बसून मोबाईल बघणाऱ्या एका बापाला दीदीने पँटसकट आत उतरवलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तेल

पहिल्या रविवारी मम्मीने मला पहाटे उठवलं आणि पायांना, पाठीला, हातांना कोमट तिळाचं तेल चोळलं. रोजच चोळायची. काकूंनी सांगितलेलं ना, लकवा! डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं की हा लकवा नाही, तरी तिच्या हातांना काहीतरी करायचंच होतं. आणि आपल्याकडे कोणी बाळाला तेल न लावता पाण्यात घालतं का? तेल नको हा मेसेज ग्रुपवर होता. मम्मी ग्रुपमध्ये नव्हती. मी होते, पण मला वाटलं ते लहान पोरांसाठी आहे.

हौद कमरेपर्यंत भरलेला. मम्मी काठावर, दीदी आत, तिने मला काखेत धरून उतरवलं आणि पुढच्याच क्षणी मी तिच्या हातातून सटकले. साबणासारखी! तिने परत पकडलं, परत सटकले. माझे बारीक झालेले पाय वर, डोकं खाली, तोंड पाण्यात. तळाला पाय टेकवायचे तर पाय ऐकेनात. कितीसा वेळ असेल तो, दीदीने लगेच केस धरून वर काढलं. पण मी ओरडत सुटले ते थांबेचना. मम्मी साडीसकट हौदात उतरली होती, तिला पोहता येत नाही हे तिच्या लक्षातच नव्हतं.

घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मन्हामुळे व्हयनं." आणि तिने तेलाची बाटली फेकून दिली. मग तीन-चार दिवस घरात युद्ध.

"पाणी नको नि काही नको. पोरगी जित्ती शे ना, बस."

"मंग काय तिले घरमा कोंडी ठेवशी का?" पप्पा.

मी मम्मीच्या बाजूने होते. मी परत जाणारच नव्हते, फायनल.

पाणी तुझ्याकडे येईल

दीदी घरी आली. मला वाटलं माफी मागेल किंवा ओरडेल. तिने चहा घेतला, बशीत फू फू करून प्यायली, आणि म्हणाली, "तुला पाण्यात जायचं नाहीये ना? नको जाऊ. तू रिकाम्या हौदात ये. पाणी तुझ्याकडे येईल."

म्हणजे काय? मला कळलंच नाही. पण रिकाम्या हौदाला काय घाबरायचं, म्हणून गेले. आणि या वेळी मम्मी ओढणी कमरेला बांधून, आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून, माझ्याबरोबर आत.

तिथे गेल्यावर कळलं की ही पद्धत दीदीने माझ्यासाठी काढलेलीच नव्हती. ज्यांना उभं राहता येत नाही ती पोरं अशीच शिकतात. हौदाच्या तळाला चटईवर उताणं झोपायचं. घरचं माणूस डोक्याशी बसतं, हात मानेखाली. मग आप्पा मोटर चालू करतात. पाणी लांबच्या कोपऱ्यात पडतं आणि तळावरून हळूहळू सरकत येतं. आधी टाचांना लागतं. मग पाठीखाली. बोअरचं पाणी, हिवाळ्याच्या सकाळी कोमट! मग कानात जातं आणि सगळं जग बंद होतं, आपलाच श्वास ऐकू येतो. आणि मग, यार, मग ते तुम्हाला उचलतं.

कोणी हात लावलेला नाही, कोणी "एक दोन तीन उचला" म्हणत नाही. आजारापासून मला सगळ्यांनी उचललं होतं, वॉर्डबॉयने, पप्पांनी, भावाने, उचलताना प्रत्येकाचा चेहरा मी बघितला होता. पाण्याने पहिल्यांदा मला चेहरा न करता उचललं. मी रडले, पण उताणी होते, रडलेलं पाण्यातच गेलं.

माझ्या एका बाजूला रोशनी होती. नऊ वर्षांची, मोलगीच्या वरच्या पाड्यातली, शाळेसाठी शहाद्याला मावशीकडे राहते. घरी पावरी बोलतात, मराठी शाळेतली. तिच्या मुठी कायम आवळलेल्या असतात, जन्मापासून, कोपरं छातीशी. बोलताना एक शब्द यायला वेळ लागतो आणि तो येईपर्यंत ती तुमच्याकडे अशी बघते की तुमची थांबायची लायकी आहे का हे तपासतेय. पाणी तिच्या खांद्यापर्यंत आलं आणि मी मान वळवून बघितलं तर तिच्या मुठी उघडत होत्या. एकेक बोट. मावशी हात काढून बाजूला झाली आणि ही पोरगी एकटी तरंगतेय, हात पसरून, राणीसारखी! मग तिने हळूच मान वळवली, खांदा वळवला, अख्खी पालथी झाली, तोंड पाण्यात, माझा तर जीव गेला, आणि परत वळून उताणी. सगळी पोरं ओरडली, "भाकर पलटली!"

याला ते भाकर म्हणतात. पालथं पडलं तर उताणं व्हायचं. दीदीचा नियम असा की भाकर पलटता आल्याशिवाय हात मारायला शिकवायचं नाही. बाकीचे क्लास पुढे कसं जायचं ते शिकवत असतील, हिच्याकडे आधी परत श्वासाकडे कसं यायचं ते शिकतात. रोशनीला ते जमायला एक पूर्ण वर्ष लागलं होतं. मावशी सांगत होती, एक वर्ष ही पोरगी दर दिवसपाळीला यायची, नाकात पाणी जायचं, खोकायची, आणि घरी जाताना विचारायची, परत कधी?

मी बावीस वर्षांची, पोलीस होणार होते म्हणे. माझी कॉलर एकदम खाली.

कान्हा आणि शिव्या

दुसऱ्या बाजूला कान्हा. अकरा वर्षांचा, आमच्याच कळसाडीचा, त्याला दिसत नाही, आणि हौदाचा मालक आप्पा नसून तोच आहे असं त्याला वाटतं. पाइपचा आवाज ऐकून तो पाणी किती आलं ते सांगतो. रिकाम्या हौदात पाणी फाडफाड आपटतं, भरत आलं की आवाज जाड होतो. "गुडघा आला! कंबर आली! मावशी, पोराले वर धर!" सगळे त्याचं ऐकतात.

त्यानेच मला विचारलं, "ताई, तुले भ्याव वाटस का?"

मी म्हटलं, हो.

"मंग शिवी दे ना."

"कोणाला?"

"कोणलेबी. पाणीमा तोंड घालीसन देवानी. कोणलेच ऐकू येत नही!"

ही पण दीदीचीच आयडिया. पोरांना सांगितलं की पाण्यात श्वास सोडा, तर कोणी सोडत नाही, सगळे दाबून ठेवतात आणि मग घाबरतात. म्हणून तिने सांगितलं, ज्याच्यावर राग असेल त्याला पाण्यात तोंड घालून शिवी द्या, कोणतीही चालेल, मी ऐकणार नाही. शिवी द्यायची म्हणजे हवा बाहेर जाणारच! वर फक्त बुडबुडे येतात. मोठे बुडबुडे म्हणजे मोठी शिवी. शाळेतला कोणीतरी पोरगा चिडवतो, त्याला. सोडून गेलेल्या बापाला. एक मुलगी तर देवाला देते, तिने स्वतः सांगितलं, आणि पलीकडे तिची मम्मी ते ऐकत उभी होती. कान्हा मामाला देतो, कारण मामा लग्नात म्हणाला होता की याला घरी ठेवा, फोटोत बरं दिसत नाही. "मन्हा मामाना आते बराच हिशोब व्हई गया," असं तो अगदी शांतपणे सांगतो.

मी या पोरांकडे बघत राहायचे. लोक यांना बिच्चारे म्हणतात ना, मला आता तो शब्द ऐकला की हसू येतं. एवढी धीट माणसं मी भरतीच्या ग्राउंडवर पण नव्हती बघितली.

पण मला जमेना. आठवडे गेले. मी तरंगायला लागले, मम्मीने मानेखालचा हात काढला तरी तरंगायला लागले, पाठीवर हात मारत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला लागले. पायात पण बरीच ताकद आली. दीदी खूश, आप्पा एकदा चक्क हसले. तोंड मात्र पाण्यात जाईना. हनुवटीपर्यंत यायचं आणि घसा बंद. भाकर नाही, म्हणजे पुढचं काहीच नाही. कान्हा रोज चौकशी करायचा, "दिधी का?" मी म्हणायचे, नाही रे. तो म्हणायचा, "कोणी भेटत नही का तुले?"

हे मी मुद्दाम लिहितेय. तुमच्यापैकी कोणी अशाच आजारातून उठत असेल आणि घरचे म्हणत असतील की आता तर सगळं ठीक आहे, आणि तुमच्या आत एक छोटीशी गोष्ट ठीक नसेल, तर ती खरी असते. चालायला लागलो म्हणून ती संपत नाही. कोणाला तरी सांगा. मी मम्मीला सांगितलं, मम्मीने दीदीला सांगितलं, तिथून सगळं सुरू झालं. आणि जिथे तुमच्यासारखी अजून माणसं असतील तिथे जा. माझ्यासारखी माझ्या वयाची कोणी नव्हती, मला नऊ आणि अकरा वर्षांची मिळाली. चाललं.

ज्या दिवशी ग्राउंड होतं

मग भरतीची ग्राउंड टेस्ट लागली. ज्योतीची. माझी पण त्याच बॅचला असती. तिने सकाळी फोन केला, इकडचं तिकडचं बोलायला लागली, मला कळलं तिला काय बोलायचंय. मी म्हटलं, पळ ना गं, चोर पळतोय. ती हसली आणि रडली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी दिवसाची लाईट होती. मी हौदावर गेले. मम्मी बरोबर होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि ओढणी कमरेला बांधून आधी स्वतः उतरली. पाणी छातीपर्यंत आलेलं. रोशनी तिच्या मावशीबरोबर भाकऱ्या पलटत होती, एकामागून एक, आता तिचा वेग वाढलाय. दीदी कोपऱ्यात एका नवीन पोराला धरून होती. मी हौदाचा काठ धरून उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकच चालू होतं, आत्ता त्या रांगेत उभ्या असतील. आत्ता छातीवर नंबर लावला असेल. आत्ता शिट्टी.

आणि मला एवढा राग आला! म्हणजे आजवर मी रडले होते, घाबरले होते, पण राग नव्हता आला, सगळे एवढं करत होते, राग कोणावर काढणार? तो आता आला. त्या संडासाच्या भिंतीवर, अर्धवट आकड्यावर, कफावर, घशातल्या नळीवर, लग्नाचं विचारणाऱ्या बायकांवर, माळ्यावरच्या पुस्तकांवर, माझ्या ऐकत नसलेल्या डाव्या पायावर.

मी मम्मीला म्हटलं, "मागे उभी राहा, धरू नकोस."

आणि घातलं तोंड पाण्यात.

घसा बंद झाला. झालाच. पण आतून जे येत होतं ते घशाचं ऐकेना. मी सुरू केलं आणि पहिला शब्द बाहेर गेला तसे बुडबुडे कानाजवळून वर गेले, गुदगुल्या करत, मग दुसरा, मग मला थांबताच येईना. आमच्या गावच्या बायका पाणी भरताना भांडतात ना, त्या सगळ्या मला आठवल्या. हवा माझी, मी सोडतेय, मला पाहिजे तेवढी सोडतेय, कोणतं मशीन नाही. हवा संपली तेव्हा मी खांदा वळवला, पाय उचलले गेले, एका क्षणात खाली वर काही कळेना, आणि मग तोंडावर ऊन. उताणी. श्वास आला. आपोआप, भरपूर.

कोणीतरी ओरडलं, भाकर! रोशनीने पाण्यावर हात आपटले, उघडे हात. मम्मी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी, आणि तिने मला धरलं नव्हतं, खरंच नव्हतं धरलं, माझ्याकडे येण्यासाठी एक पाऊल टाकून तिथेच थांबली होती. दीदी लांबून फक्त म्हणाली, "हां. बरोबर."

कान्हा पाइपाजवळ होता. त्याला दिसलं नाही पण बुडबुडे त्याने पूर्ण ऐकले होते. तो पाणी कापत माझ्याजवळ आला, हाताने चाचपून माझा खांदा शोधला आणि एकदम आदराने म्हणाला,

"ताई, एवढी लांब शिवी! माले बी शिकाड ना!"

मी धापा टाकत होते. तोंडावरून पाणी गळत होतं, नाकातून पण, आणि मी ते पुसलं नाही.

"थांब रे," मी म्हटलं, "अजून संपली नाही."

आणि परत तोंड पाण्यात घातलं.